ताटावरचा अधिकार

येरमाळ्यात, येडेश्वरीच्या डोंगराकडे तोंड असलेल्या एका घरात, निवृत्त शिक्षक उत्तरेश्वर गुरुजी आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई असे दोघेच राहत. चूल हेच गृहिणीचे अग्निहोत्र, अशी वनमालाबाईंची श्रद्धा होती. लग्न होऊन आल्यापासून पतीच्या ताटाला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. गुरुजींना मधुमेह जडला तेव्हा मात्र वनमालाबाईंचे काही चालेना.

"अहो, भात जरा आवरा की," त्या विनवीत.

"तुला काय कळतंय त्यातलं? वाढ," असे म्हणून गुरुजी ताट पुढे सरकवीत.

दिवाळीला पुण्याहून मुलगा आला आणि त्याने वडिलांच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिले. बोटाला सुई टोचून यंत्रावर येणारा साखरेचा आकडा त्यात भरायचा, जेवणाआधी ताटाचा फोटो पाठवायचा; मग दररोज सकाळी लातूरहून शिवप्रिया नावाची आहारतज्ज्ञ मुलगी फोन करून पथ्य सांगायची. आवाज कोवळा, बोलणे नेमके.

"काका, भात निम्मा करायचा हं."

"होय मॅडम. आजपासूनच करतो."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या वनमालाबाईंच्या हातातले लाटणे तसेच राहिले. आपण इतके दिवस जे कानीकपाळी ओरडलो, ते ह्या कालच्या पोरीने एका वाक्यात मान्य करून घ्यावे? भात कमी झाला ह्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पोटात निखारा पडावा तसे झाले.

मग तो निखारा रोज फुलू लागला. आमटीत गूळ नको, असे शिवप्रियेने सांगितले. गूळ बंद झाला. ताटात आधी काकडी हवी, असे सांगितले. आजवर काकडीकडे पाहून नाक मुरडणारे गुरुजी स्वतः बाजारातून काकड्या निवडून आणू लागले. एवढेच नव्हे, तर तिचा फोन येण्याआधी ते स्नान उरकून, इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून बसत.

एके सकाळी शेजारच्या कोंडाबाईंनी ते दाराशी उभे राहून पाहिले.

"काय वो वनमालाक्का, गुरुजी नटूनथटून कुठं निघाले?"

"कुठं न्हाय. फोन यायचाय त्या लातूरच्या पोरीचा."

"आन् फोनात सदरा दिसतो व्हय?"

"त्यांनाच इचारा."

"म्हंजी मोबाईलातली सवत आली म्हणा की घरात!" कोंडाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. वनमालाबाईही हसल्या, पण त्या दिवशी भाकरी थापताना परातीचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.

त्याच दुपारी त्यांनी आमटीत गूळ घातला. मूठभर घातला, आणि त्यावर चिंच वाढवली, म्हणजे आंबटपणाखाली गोडवा झाकून जातो. फोटोत आमटी ती आमटीच दिसते. गुरुजींनी पहिला भुरका मारला आणि कितीतरी दिवसांनी मान वर करून पत्नीकडे पाहिले.

"आज आमटीला काय चव आलीय गं! अजून वाढ."

वनमालाबाईंना कृतार्थ वाटले. आता आकडा चढेल, त्या पोरीचे शहाणपण उघडे पडेल आणि ताट पुन्हा आपल्या हाती येईल, अशी त्यांची अटकळ होती. आठवडाभर गूळ पडत राहिला आणि आकडा चढत राहिला.

अखेर एका सकाळी शिवप्रियेचा स्वर बदलला. गुरुजींना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवलेला असे. आत वनमालाबाईंना प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"काका, फोटोत सगळं बरोबर दिसतंय, मग साखर का वाढतेय? खरं सांगा, स्टँडवर भजी, गोड चहा असं काही चालतं का?"

"मॅडम, मी जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं." गुरुजी म्हणाले. "बाहेर पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही."

"मग घरच्या स्वयंपाकात काही पडत असेल?"

"ते बोलायचं नाही!" गुरुजी कडाडले. "तुम्ही मला खोटं म्हणा, चालेल. माझ्या घरातल्या ताटावर शंका नको. तिच्या हातचं मी डोळे मिटून जेवतो."

जे ऐकायला वनमालाबाई इतके दिवस तळमळत होत्या, ते हेच होते. आणि ते ऐकताना त्यांची नजर गुळाच्या डब्यावर होती.

"बरं," शिवप्रिया म्हणाली. "तर मग डॉक्टरांशी बोलून आजच गोळी वाढवून घेते."

वाढलेली गोळी, आणि उद्या आपण गूळ थांबवला तर? साखर एकदम उतरून माणूस जागच्या जागी कोसळतो, हे त्यांनी ह्याच फोनवर ऐकले होते. हात पुसायचेही न सुचून त्या बाहेर आल्या.

"गोळी वाढवू नका. आमटीत गूळ मी घालतेय. ह्यांना ठाऊक नाही."

"काकू, काकांच्या जिवावर बेतलं असतं," शिवप्रिया हळूच म्हणाली. त्या हळू बोलण्याचाच वनमालाबाईंना अधिक राग आला, कारण मुलगी खरे बोलत होती.

गुरुजी पत्नीकडे वळले. "भांडायचं तर माझ्याशी भांडायचं. आमटीला कशाला मध्ये घेतलंस?"

"तुमच्याशी? मी सांगितलं तर, तुला काय कळतंय. हिनं सांगितलं की, होय मॅडम. मी काय नुसती वाढपी हाय?"

गुरुजी फोनकडे वळून म्हणाले, "मॅडम, गोळी आहे तीच राहू द्या. उद्या बोलू. आता घरात बोलायचंय."

फोन बंद झाला. ह्या क्षणी आपण जिंकलो असे वनमालाबाईंना वाटायला हवे होते. पण त्यांना फक्त रडू येत होते, आणि त्या पोरीपुढे रडलो नाही एवढेच समाधान होते.

गुरुजींनी शेजारची चटई झटकून सारखी केली.

"बस. बोल काय ते."

"चुलीवर भाजी आहे."

"उतरव, आणि ये."

त्या भाजी उतरवून आल्या आणि बसल्या. आधी शब्द सापडेनात. मग सापडले आणि थांबेनात. भातापासून सुरुवात झाली आणि बोलणे कुठल्या कुठे, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापर्यंत गेले. दुपार टळली, तरी गुरुजींनी जेवायला मागितले नाही.