हे पोट माझं नाही

मित्रांनो, मी तांदळाच्या दाण्याएवढा एक जुना, करडा पतंग आहे. संग्रहालयात टाचणीला टोचलेला आहे, पण गप्प बसणाऱ्यातला नाही.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या ब्ल्यूबेरीच्या एका पानात झाला. पानात म्हणजे पानाच्या आतच. तिथेच बोगदा पोखरत मी वाढलो. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ऑर्डिसबाईंनी ते पान जॅमच्या बरणीत ठेवलं. मी बाहेर पडलो तेव्हा त्यांनी पाककृतींच्या वहीत, भोपळ्याच्या गोड पदार्थाच्या कृतीखाली लिहिलं : 'पंख करडे. पोट काळं. हा वेगळाच दिसतो.'

मग मला डबीत घालून, ओक नावाच्या झाडाच्या पानातल्या एका साध्या पतंगाशेजारी टोचून, टपालाने संग्रहालयात पाठवलं. वाटेत डबी आपटली आणि आम्हा दोघांचीही पोटं तुटली. तिथल्या कुणीतरी घाईत शेजाऱ्याचं पोट मला चिकटवलं आणि माझं शेजाऱ्याला. आमची जात पोटाच्या टोकावरूनच ठरते हो! संग्रहालयातले पतंगांचे अभ्यासक डॉक्टर पेल यांनी भिंगातून पाहिलं आणि माझ्याखाली चिठ्ठी लावली : 'ओकचा साधा पतंग.'

अकरा वर्षं मी ते नाव सोसलं. मानलं मात्र एक दिवसही नाही.

मग एका सुट्टीत ऑर्डिसबाई वही घेऊन संग्रहालयात आल्या आणि माझी चिठ्ठी वाचून अडून बसल्या.

"बाई, ओकचाच आहे तो," डॉक्टर म्हणाले. "उडत आला असेल तुमच्या बरणीत."

"झाकण लावलेल्या बरणीत?"

"मी पोट तपासलंय."

"कुणाचं? माझ्या पतंगाचं काळं होतं, हे पांढुरकं आहे. डॉक्टर, मी रोज चारशे पोरांना वाढते. कुणाचं ताट कुणापुढे गेलं ते मला कळतं."

डॉक्टर हसले. मग भिंगाखाली त्यांना माझ्या पोटाच्या जोडावर वाळलेल्या डिंकाचा थेंब दिसला, आणि हसू थांबलं. त्यांनी शेजाऱ्याचं काळं पोट सोडवून तपासलं. ते पुस्तकातल्या एकाही चित्राशी जुळेना.

"बसा ऑर्डिसबाई," ते म्हणाले. "ब्ल्यूबेरीचं ते झुडूप नेमकं कुठे होतं, ते सांगा."

आता माझ्याखाली नव्या जातीची चिठ्ठी आहे. तिच्याखाली ती जुनी, चुकीचीही आहे. आमच्याकडे जुनी चिठ्ठी कुणी काढत नाही. राहू दे. मित्रांनो, कुणाला नाव चिकटवण्याआधी तो कुठल्या पानातून आला, ते त्याला वाढवणाऱ्याला विचारा. आणि विसर पडलाच, तर माझी खालची चिठ्ठी वाचा.