धुडकूच्या चपला

सोनाली वार्षिक परीक्षेसाठी घोकत बसली होती. सरंजामशाहीत राजा सरदाराला जमीन देई, सरदार राजाशी इमान राखी, आणि खालची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर राबत. मध्ययुगात. ऐकून तिच्या बापाला, सुकलालला, हसूच आलं. म्हणे मध्ययुगात! त्याचा स्वतःचा बाप धुडकू तिकडे खानदेशात पाटलाचा सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा गडी, होता आणि पाटलाच्या गल्लीतून चपला काखेत मारूनच चालायचा. एकदा पायात काटा मोडला म्हणून त्यानं त्या काढल्या नाहीत, तर पाटलानं त्याला भर वैशाखात तापल्या फरशीवर अनवाणी उभं केलं. त्याच्या तळव्यांचे फोड लहानग्या सुकलालनं पुसले होते. पाटलाच्या घरचं माणूस आपल्या बापासमोर असंच उभं करायचं, हे त्यानं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

आणि देव पावला की! सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात पाटलाचा मुलगा भूपेंद्र काम मागत तिथल्याच उधन्यात आला. जमीन भाऊबंदकीत गेली होती. आला तोही नेमका सुकलाल मुकादम होता त्याच लूमच्या कारखान्यात.

"चपला काढ आणि इथंच थांब," सुकलालनं दारातच सांगितलं. बाकीचे कामगार खुशाल चपलांनिशी आत-बाहेर करत होते. त्यांच्याकडे बघत भूपेंद्रनं मुकाट्यानं चपला काढल्या. उन्हानं ओटा चांगलाच तापला होता. सुकलाल स्वतः घरी जाऊन, आता त्याच्याकडेच राहणाऱ्या म्हाताऱ्या बापाला घेऊन आला. कशाला, ते सांगितलं नाही.

भूपेंद्र एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत उभा होता. सुकलालचं काळीज निवलं. आता म्हातारा काय म्हणतो, म्हणून तो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

धुडकूनं डोळे बारीक केले, ओळखलं, आणि चटकन चपला काढून काखेत घेतल्या.

"रामराम, मालक," तो वाकून म्हणाला. "कव्हय उनात?"

भूपेंद्रची मान आपोआप ताठ झाली. "आत्ताच आलो. तू बरा आहेस ना, धुडकू?"

सुकलालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम नाही, चालता हो, असं तो भूपेंद्रवर खेकसला. मग बापाच्या काखेतल्या चपला ओढून घेऊन त्याच्या पायाशी बसला.

"आबा, घाल."

"थांब ना," म्हातारा हळूच म्हणाला. "मालकांना जाऊ दे."

भूपेंद्र नाक्याआड गेला, तेव्हा कुठं धुडकूनं पाय पुढं केला.