जिवंत माशांवाचून माझा श्रावण

मी एक जुना, म्हणजे चांगलाच म्हातारा ऑस्कर मासा आहे, काचेच्या टाकीत हौसेने पाळतात त्या शिकारी जातीचा. स्वतःची कहाणी सांगताना समोरच्यांना 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो. पण मित्रांनो, तुम्ही माझे मित्र नाही. ज्याने ज्याने माझ्या काचेवर टिचक्या मारल्या, त्या प्रत्येकाचा मला राग आहे आणि तो मी मरेपर्यंत सोडणार नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका सिमेंटच्या हौदात झाला. बोटाएवढा होतो तेव्हाच मला प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून विकले. टोमॅटोला चांगला बाजार लागला त्या वर्षी वारूळवाडीच्या भिमाजींनी नवा बंगला बांधला. सोफा आणि टीव्हीबरोबर एक मोठी काचेची टाकी आणली आणि तिच्यात मला सोडले. मला कोणी काही विचारले नाही.

मी हाताच्या पंजाएवढा झालो आणि माझे खरे काम सुरू झाले. ते काम म्हणजे पाहुण्यांसमोर जेवणे. पाहुण्यांचा चहा झाला की भिमाजी पिशवीतले जिवंत छोटे मासे टाकीत सोडायचे. मी झडप घालायचो आणि सगळे ओरडायचे.

"बघा पावणं, वाघ हाय वाघ! मेलेल्याला तोंड लावत न्हाई," भिमाजी छाती पुढे काढून म्हणायचे.

त्यांचा चुलतभाऊ हौशीराम तर मोबाईल काचेला चिकटवून शूटिंग करायचा. मला तो माणूस बघवत नसे. भुकेल्याने जेवावे आणि पोट भरलेल्यांनी टाळ्या वाजवाव्यात, यात कौतुक कसले? पण खोटे कशाला बोलू, जिवंत मासा मला आवडायचा. त्याखेरीज दुसरे अन्न असते, हेच मला ठाऊक नव्हते.

अशी बरीच वर्षे गेली. पण त्या पिशव्यांतून नुसते मासे येत नव्हते, रोगही येत होता. दुकानातल्या गर्दीच्या टाकीतले ते मरतुकडे जीव. त्यांच्या अंगावरचे पांढरे ठिपके आधी माझ्या कल्ल्यांवर आले, मग अंगभर पसरले. मी तळाशी पडून राहू लागलो. पाहुण्यांना वाटायचे, वाघ पोट भरून झोपलाय.

ही गोष्ट फक्त हर्षालीच्या लक्षात आली. हर्षाली म्हणजे भिमाजींची सून, मी आजारी पडलो त्याच वर्षी लग्न होऊन डिंगोऱ्याहून आलेली. टाकी घासायचे काम कोणालाच नको होते, म्हणून ते नव्या सुनेच्या गळ्यात पडले. मला तीही आवडायची नाही. तिचा हात पाण्यात आला की मी धडक द्यायचो. तिने नारायणगावातल्या एका दुकानदाराला विचारून औषध घातले, पाणी बदलले आणि ठिपके गेले. पण दुकानदाराने तिला बजावले होते, "जिवंत मासे बंद करा, तयार गोळ्यांची सवय लावा. पुन्हा रोग आला तर हा म्हातारा वाचायचा नाही." भिमाजींनी ते हसण्यावारी नेले.

मग श्रावण लागला. भिमाजींच्या पत्नी चिमाबाई कंबरेवर हात ठेवून टाकीसमोर उभ्या राहिल्या.

"अवो, श्रावणात उंबऱ्याच्या आत जीव मारायचा न्हाई. माणसानं न्हाई आन माशानं बी न्हाई."

बायकोपुढे भिमाजींचे काही चालले नाही. पण सोमवारी फराळ करताना त्यांनी वाटीभर साबुदाण्याची खिचडी माझ्या टाकीत ओतली. "त्याचा बी उपासच म्हणायचा की राव!" म्हणाले. साबुदाणा फुगला, तेलाचा तवंग पसरला आणि सकाळपर्यंत पाण्याला घाण वास सुटला. मी वर येऊन तोंड उघडून धापा टाकत होतो. उपास यांचा आणि जीव जायची वेळ माझ्यावर! हर्षालीने बादल्या भरभरून पाणी बदलले आणि त्याच दिवशी गोळ्या आणल्या.

चिमाबाईंनी डबा हुंगला. "हर्षे, ह्याला मासळीचा वास येतुया."

"सुकी मासळी दळून केल्यात, आई. पर ती आपण न्हाई मारली."

चिमाबाईंनी बराच विचार केला. "मंग चालंल. पर डबा उंबऱ्याच्या आत नको."

म्हणून तो डबा महिनाभर खिडकीबाहेरच्या कठड्यावर राहिला.

मी गोळ्यांना तोंड लावले नाही. एक चुकून तोंडात गेली ती थुंकून टाकली. भिमाजी खूश झाले. "श्रावण सरंपतूर खाल्ल्या तर ठीक. न्हाईतर पुन्हा जित्तं मासं चालू," असे त्यांनी सुनेला सांगून टाकले. म्हणजे पुन्हा ठिपके, आणि मग माझा शेवट.

हर्षाली हट्टी निघाली. न खाल्लेली गोळी ती जाळीने काढून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी नवी द्यायची. मग तिने भिजवलेली गोळी काडीच्या टोकाला खोचली आणि माझ्या तोंडासमोर नाचवली. मी त्या काडीवर तुटून पडलो. भुकेने नव्हे, चीड आली म्हणून. गोळी तोंडात फुटली आणि थुंकायच्या आत थोडी पोटात गेली. रोज ती काडी नाचवायची, रोज मी चिडायचो. असा रागारागात मी जेवायला शिकलो. पुढे काडीचीही गरज उरली नाही.

श्रावण संपला. हौशीराम चार पाहुणे घेऊन आला आणि भिमाजींनी पिशवी आणली.

"मामंजी, नका ना. त्यो गोळ्या खातोय आता," हर्षाली म्हणाली.

"गोळ्या खायला त्यो काय कोंबडी हाय?" म्हणत भिमाजींनी पिशवी पाण्यावर उपडी केली.

हर्षालीने खांद्यापर्यंत हात टाकीत घातला आणि पिशवीचे तोंड पाण्यातच मुठीत आवळले. मला महिन्याने जिवंत मासे दिसले. मी मागचे सगळे विसरलो आणि झेप घेतली. दातांत आला तो तिचा अंगठा. पाण्यात रक्त उतरले. मी सोडले नाही, आणि तिनेही मूठ सोडली नाही.

"सोड की गं पोरी!" चिमाबाई किंचाळल्या.

"न्हाई सोडत. ह्यातला एक जरी आत गेला तर ह्यो मरंल. तुमाला ह्यो पावण्यांना दाखवायचाय का जगवायचाय, ते आत्ता सांगा, मामंजी."

त्या घरात ती इतके मोठ्याने कधी बोलली नव्हती. भिमाजींनी टाकीत हात घातला. मग त्यांनी पिशवीचे तोंड चिमटीत धरून ती तिच्या मुठीतून हळूच काढून घेतली, आणि पिशवी वर गेली तसा मीही अंगठा सोडला.

"हौशा, ते शूटिंग बंद कर," ते म्हणाले. पाहुणे चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली आली. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्याच हाताने तिने गोळी धरली आणि मी ती खाल्ली.

मित्रांनो, मासा आपल्यावर माया करेल या आशेने मासा पाळू नका. माझी हर्षालीवर माया नाही. उद्या तिचा हात चुकून आडवा आला तर मी पुन्हा चावेन, आणि परवा सकाळी ती पुन्हा मला वेळेवर जेवू घालेल. तुम्हाला एवढे जमणार असेल तरच आम्हाला घरी न्या. जमणार नसेल, तर आम्हाला दुकानातच राहू द्या.