सोमीच्या खणातले चिंचोके

मित्रांनो, मी सागाचा एक जुना डबा आहे. अंगावर नक्षी नाही, पोटात नुसते खण. खोडाळ्याच्या सुताराने मला संस्थानाच्या कोठीसाठी घडवलं. नागली, वरई, भात यांच्या बियाण्याचे नमुने माझ्यात ठेवत. माणसं दाणे तळहातावर घेऊन वास घ्यायची, ‘बियाणं जपलंय हो’ म्हणायची. कौतुक बियाण्याचं असे, पण बरं मला वाटे.

पुढे संस्थान विलीन झालं, कोठीला कुलूप लागलं. मी जव्हारच्या कचेरीत भिका कारकुनाच्या मेजावर आलो. भिका शेतकऱ्याच्या घरातला, चार इयत्ता शिकून नोकरीला लागलेला. त्या साली पीक बुडालं होतं आणि सरकार गावोगावी धान्य वाटणार होतं. हुकूम असा होता, की गावाच्या यादीत एखादं नाव पुन्हा आलं तर ती लबाडी समजावी. एकच ठेवावं, बाकीची खोडावीत.

भिकाने प्रत्येक नावाला माझा एक खण दिला. यादी वाचताना नाव आलं, की त्या खणात एक चिंचोका टाकायचा. खणात दुसरा चिंचोका पडला, की मारली रेघ.

पण आमच्या डोंगरात बुधवारी जन्मला तो बुध्या, शुक्रवारचा सुकऱ्या, सोमवारची सोमी. वार सात आणि पोरं घरोघर! माझ्या काही खणांत एकच चिंचोका राही, काही काठोकाठ भरत. भिकाचे डोळे चुरचुरत. कमरेवर हात ठेवून तो उसासा टाकी आणि पुन्हा वाचायला लागे. मीही दमलो होतो. बियाणं पोटात असताना मला असं जड कधी वाटलं नव्हतं.

एके दिवशी वांगणीची सोमी आली. नवरा वसईकडे रेती काढायला गेलेला, घरी सासू पोशी अंथरुणाला खिळलेली.

“तुझं धान्य गेलं बाई,” भिका म्हणाला. “सोमीनं नेलं.”

“कोनती सोमी? सोमी तं मी हाय.”

“यादीत एकच सोमी आहे.”

“तुमच्या यादीत आसंल. आमच्या गावात लय हायेत.”

भिकाने तिला हुकूम वाचून दाखवला. ती आली तशी रिकामी टोपली घेऊन परत गेली.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी ओटीवर बायकांची रांगच उभी होती. कुणी म्हातारी, कुणी पोटुशी.

“आता हाक मारा,” ती म्हणाली.

भिकाने हाक मारली, “सोमी!”

“ओ!” सगळ्या एकदम बोलल्या. कुणी हसलं नाही.

भिका माझ्या पोटातल्या सोमीच्या भरलेल्या खणाकडे बघत राहिला. मग उठून ओटीवर त्यांच्यापुढे जमिनीवर बसला. कोण कुणाची बायको, कोणत्या पाड्याची, हे एकेकीला विचारून त्याने यादी नव्याने लिहिली. वरच्या साहेबाची बोलणी खाल्ली. मंजुरी यायला दिवस लागले, पण अखेर वांगणीला धान्य पोचलं.

त्यानंतर सोमी एकदाच आली.

“मिळाली ना नागली?” भिकाने विचारलं.

“मिळाली. आता एका मानसाचं कमी करा. पोशी गेली.”

भिकाने लेखणी उचलली. यादीत पोशी बऱ्याच होत्या. त्याचा हात थांबला.

“कोणाची पोशी?”

“माझी,” सोमी म्हणाली.

भिकाने रेघ मारली खरी, पण त्या दिवशी त्याने दुसरी यादी उघडली नाही.

मित्रांनो, आता मी कचेरीमागच्या पडवीत पडून आहे. वाळवीने एक बाजू खाल्ली आहे. मला पुन्हा मेजावर ठेवा, असं मी म्हणत नाही. तुम्ही शिकाल, मोठ्या कचेऱ्यांत बसाल, याद्या तुमच्याही हाती येतील. एकच नाव पुन्हा पुन्हा आलं, तर जरूर मोजा. पण रेघ मारण्याआधी बाहेर येऊन एकदा मोठ्याने हाक मारा, आणि ओ येईपर्यंत थांबा.