काळीवरचा खटला

वन्संनी मंगळवारीच निकाल देऊन टाकला. "काळी गुन्हेगार आहे. रविवारी खाटकाला बोलावते." तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला पुरावा फार लागत नाही. तांबडीची पाठ बोडकी झाली होती आणि काळीच्या चोचीत एक तांबडं पीस सापडलं होतं, बस्स.

आमच्या परसात सहा कोंबड्या आणि घरात दोन बायका, मी शिवणकामवाली आणि वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद. काळी माझी लाडकी. मी शिवायला बसले की मशीनखाली येऊन बसते. माझे पाय दुखतात का, हे या घरात तिच्याशिवाय कोणी विचारत नाही. विचारत तीही नाही म्हणा, पण बसते तरी! तिला खाटकाच्या हाती द्यायचं? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

"आधी हिला वेगळी ठेवून बघू," मी म्हटलं आणि काळीला स्वयंपाकघरात डालग्याखाली झाकलं. दुसऱ्या दिवशी तांबडीची आणखी पिसं गेलेली. मी तोऱ्यात म्हटलं, "बघा! काळी तर इथे होती."

"जाण्याआधी बाकीच्यांना शिकवून गेली," वन्सं म्हणाल्या. "एक वाह्यात पोरगी अख्खा वर्ग बिघडवते."

अशा बाईशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. मग मी ठरवलं, तांबडीची पाठच झाकून टाकायची. पाठच दिसली नाही तर उपटणार काय, कपाळ? जाड कापडाचा छोटासा कोट बेतला, पंखांना जागा मोकळी ठेवली. आता मी शिवते बँडवाल्यांचे गणवेश, त्यामुळे हात सवयीने डब्याकडे गेला. सहा पितळी बटणं, दोन ओळींत, बरोब्बर पाठीवर. कोंबडीला बटणं कशाला, असं विचारू नका. बिनबटणाचा कोट माझ्या हातून आजवर बाहेर पडलेला नाही.

तांबडी अंगणात उतरली ती बँडमास्तरच्या थाटात. उन्हात बटणं चमकली आणि चौघीजणी तिच्यावर तुटून पडल्या. तांबडी किंचाळत पुढे, त्या चौघी मागे, त्यांच्यामागे मी झाडू घेऊन, आणि वन्सं पायरीवर उभ्या राहून "शाबास! शाबास!" म्हणताहेत. एक बटण कुठे गेलं ते मी अजून शोधतेय. कोट उतरवला तर खाली रक्त.

शनिवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरला आणलं. त्याने जखमेला औषध लावलं. म्हणाला, "भरेपर्यंत हिला वेगळी ठेवा. लाल दिसलं की बाकीच्या टोचणारच."

वन्संनी घसा साफ केला. "डॉक्टर, सगळं या काळीचं काम. खरं ना?"

तो वाकून खुराड्यात शिरला. बराच वेळ बाहेर येईना. मग आतून आवाज आला, "या पेट्या कोणाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं.

चार पत्र्याच्या पेट्या. गिऱ्हाइकांनी न नेलेले गणवेश. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून गेल्या थंडीत तिकडे सरकवल्या होत्या. येतील न्यायला, असं मी अजून म्हणते. त्यातली काही पोरं आता बाप झालीत.

डॉक्टर गुडघे झाडत बाहेर आला. "सहा कोंबड्या आणि जागा दोघींची. एकमेकींच्या अंगावर बसून करतील काय बिचाऱ्या? एकटी काळी नाही, सगळ्याच उपटतायत. पेट्या काढा, कोबीचा गड्डा टांगा चोची मारायला, आणि खाण्यात थोडी सुकी मासळी वाढवा."

माझे कान तापले. फार लाज वाटली. पाच दिवस मी वन्संना अन्यायी म्हणत होते आणि त्या मुक्या जिवांची कोंडी केली होती मीच. पहिली पेटी ओढायला गेले, तर ती हलेना. दुसरी कडी वन्संनी धरली.

चारही पेट्या अंगणात आल्यावर मी काळीला सोडलं. ती तडक माझ्या पायाशी येऊन बसली.

"उद्याच्या खाटकाचं काय?" मी विचारलं.

वन्संनी हात झटकले. "येऊ नको म्हणून कळवते. गुन्हेगार तू निघालीस, आणि तुला न्यायला त्याची सायकल पुरायची नाही."