नागपूरइतकंच लांब

पाहुणे येण्याआधीच शालनताईंनी सायबर कॅफेतून छापून आणलेला कागद लेकीपुढे, पूर्वापुढे धरला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : साडेतेरा हजार किलोमीटर, सतरा तास.

"दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीला जातो, गाडीत एवढाच वेळ जातो की. अमेरिका म्हणजे नागपूरच!"

पूर्वा नुसतीच 'हं' म्हणाली. बघायला येणारा या वर्षातला हा नववा मुलगा. मार्चमध्ये आईला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसातून रुग्णालयात पोचायला तिला सव्वा तास लागला होता. तेव्हापासून परदेशातल्या प्रत्येक मुलाला ती एकच प्रश्न विचारत असे, आणि प्रत्येक जण 'हल्ली जग जवळ आलंय' म्हणून मोकळा होत असे.

अनिरुद्ध परवाच अमेरिकेहून उतरला होता. दहा दिवसांची रजा, आणि आजचं हे तिसरं घर. रिवाजाप्रमाणे दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं, तेव्हा त्याचे डोळे लाल दिसत होते.

"झोप झाली नाही का?"

"पहाटे तीनला टक्क जागा असतो. पोहे समोर आले की मात्र झोप येते." मग तोच ओशाळला.

पूर्वाला हसू आलं. तिने आपला प्रश्न विचारला, "तिथे फोन वाजल्यापासून इथे आईच्या दारात यायला किती वेळ?"

त्याने कप कठड्यावर ठेवला. "कागदावर सतरा तास. मला एक्कावन्न लागले. बाबा गेले तेव्हा."

"एक्कावन्न?"

"तिकीट मिळण्यातच दिवस गेला. फ्रँकफर्टला सात तास बसून. मग घाटात ट्रक उलटलेला. घरच्यांनी सतरा तास धरून अंत्ययात्रेची वेळ ठरवली होती. थांबले बिचारे, पण किती थांबणार? मी पोचलो तेव्हा मंडळी अस्थी घेऊन परतली होती."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. नऊ जणांत हा पहिलाच तिला आवडला होता, आणि म्हणूनच आता पाय उचलवत नव्हते.

स्वयंपाकघरात शालनताई वाट पाहत होत्या. "मुलगा सरळ आहे. हो म्हण."

"एक्कावन्न तास लागतात, आई."

शालनताईंनी गॅस बारीक केला. "मग मी दोन दिवस आधी कळवीन."

"आई!"

"माझ्यापायी नकार देऊ नकोस. ते ओझं मला पेलायचं नाही."

"तुझ्यापायी नाही. ते एक्कावन्न तास तुला नाही, मला काढायचे आहेत. माझ्याच्याने ते होणार नाही."

शालनताईंनी पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाल्या, "मध्यस्थाकडून निरोप नको. तूच सांग."

पूर्वा बाहेर आली. अनिरुद्ध सोफ्यावर मान टाकून गाढ झोपला होता. त्याच्या आईने, प्रेमलाबाईंनी, ओशाळून त्याला हलवायला हात पुढे केला.

"झोपू द्या त्यांना," पूर्वा म्हणाली आणि प्रेमलाबाईंच्या शेजारी बसली. मग हलक्या आवाजात, शब्द जपून वापरत, तिने आपला नकार सांगितला.

प्रेमलाबाईंनी मुलाकडे पुढे केलेला हात मागे घेतला. "पाच वाजता सदाशिव पेठेत पुढची मुलगी बघायला जायचंय," त्या म्हणाल्या. "अर्धा तास आहे अजून. पडू दे इथेच."