झोक्याचा नंबर

मनोज चिडून बोलून गेला आणि मंजुषाने त्याचे शब्द पदराला गाठ मारून ठेवले. भांडण नेहमीचंच होतं. रेल्वेच्या ऑफिसात त्याला बढती मिळत होती, पण पुण्याला जायच्या अटीवर, आणि मंजुषाला बडनेरा सोडायचं नव्हतं. तिचं भाजीचं दुकान इथलं, आईवडील इथले आणि तिच्या तिखट तोंडाला सरावलेली माणसंही इथलीच. मनोजचं म्हणणं असं, की हे सगळं गार्गीसाठी चाललंय. गार्गी त्यांची एकुलती एक, पाच वर्षांची, आणि लाजाळू इतकी, की दुकानात ओळखीचं गिऱ्हाईक आलं तरी आईच्या मागे लपायची.

"तिथं सोसायटीत झोके हायेत, घसरगुंडी हाय," मनोज म्हणाला. "अठी काय हाय? पोट्टी दिवसभर मोबाईल पाहून राहिली. अख्ख्या अमरावती-अकोल्यात लेकराले खेळाले एक धड जागा दाखव मले. बढती सोडून देतो."

त्याच वेळी शेजारची नाजिया उसनी नेलेली साखर परत द्यायला दारात उभी होती.

"ऐकलं ना वं, नाजिया?" मंजुषाने विचारलं.

"बराबर ऐकलं. मी गवाह हाय," नाजिया म्हणाली आणि साखरेची वाटी ठेवून निघून गेली.

साहेबांना महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मनोजला वाटलं, बायको दोन दिवस धुसफुसेल आणि मग सामान बांधायला घेईल. लग्नाला आठ वर्षं होऊनही माणसाला आपली बायको कळत नाही, ती अशी. मंजुषाने पुढच्याच रविवारी दुकान आईवर सोपवलं, गार्गीला मध्ये बसवलं आणि नाजियाच्या गाडीवरून ती अमरावतीच्या बागा बघायला निघाली. नाजियाचा लहानगा मुलगा उसामा गाडीवर पुढे उभा होता.

बाग पारखायची मंजुषाची रीत भाजी पारखायच्या रीतीसारखीच होती. वांगं वरून कितीही तुकतुकीत असो, ती ते हातात घेऊन दाबून बघणारच. त्यामुळे ती पाट्या वाचत बसली नाही. थेट झोक्यावर जाऊन बसली. कड्या कुरकुरल्या, रांगेतल्या आया तोंडाला पदर लावून हसल्या आणि लांबून शिट्टी वाजली. चौकीदार धावत आला.

"बाई, उतरा. मोठ्या मानसाले मनाई हाय."

"मले पेलत नाही तो झोका पोट्ट्यायले काय पेलीन?"

चौकीदाराने उत्तर म्हणून शिट्टी तोंडात घातली, आणि ती तो मंजुषा उतरेपर्यंत वाजवत राहिला. पुढे तीच शिट्टी हिरवळीवर पाय ठेवणाऱ्या पोरांसाठी वाजली, चेंडू काढणाऱ्यांसाठी वाजली आणि शेवटी उसामा मोठ्याने हसला म्हणूनही वाजली असावी. त्या बागेत झाडांपेक्षा पाट्या जास्त होत्या.

दुसऱ्या रविवारी त्या रेल्वेने अकोल्याला गेल्या. तिथली बाग नवी होती, रंगीत होती, खाली मऊ रबरही अंथरलेलं होतं. नाजियाचे तर डोळेच चमकले. मंजुषाने घसरगुंडीच्या पत्र्याला तव्याला लावतात तसा उलटा हात लावला आणि लगेच मागे घेतला. घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला. एप्रिलमधलं वऱ्हाडातलं ऊन दुपारभर तिच्यावर बसलेलं, त्यामुळे साडेपाच वाजले तरी पत्रा भाकरी भाजून देईल असा तापलेला. पोरं जरा गार होईल म्हणून वाट पाहत उभी. तो जरा निवतोय तोच बाग बंद व्हायची घंटा झाली, कारण बागेची वेळ सातपर्यंत. उन्हाळ्यात आपल्याकडचं माणूस सातच्या आधी कुठे घराबाहेर पडतं. ही वेळ ज्याने ठरवली तो नक्की कुठल्या तरी थंड हवेच्या गावचा असणार, असं मंजुषा परतीच्या गाडीत डबाभर लोकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

मग लोकांनीही सल्ले दिले. कोणी म्हणालं, चिखलदऱ्याला न्या, हवा किती छान. हवा छानच आहे, पण रोज संध्याकाळी चिखलदऱ्याला कोण जाणार? मनोजने मॉलमधली थंडगार खेळायची जागा सुचवली. तिथेही ती गेली. सगळं चकचकीत, स्वच्छ. पण प्रत्येक लेकरामागे त्याची आई, आणि आईच्या हातात फोन. आपलं लेकरू आपण चढवायचं, आपण उतरवायचं आणि वेळ संपली की घरी न्यायचं. गार्गी त्या सगळ्यात आईच्या ओढणीचा काठ धरून उभी होती. तिथे पहिल्यांदा मंजुषाच्या मनात आलं, की जागा कितीही चांगली सापडली तरी ही पोरगी असा काठ धरूनच उभी राहिली तर? तिला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिने गार्गीला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि घरी आणलं.

आणि मग जागा सापडली ती तिच्याच दुकानाच्या ओट्यावर. नत्थुजी नावाचे एक म्हातारे शेतकरी तिला रोज कोथिंबीर आणि ढेमसं आणून द्यायचे. तिच्या वडिलांचे, केशवरावांचे ते जुने स्नेही. माणूस गप्पिष्ट, पण पाच वाजले की चहा अर्धा टाकून उठायचे. त्या दिवशी मंजुषाने त्यांना हटकलंच.

"काका, रोज कायची घाई असते तुमाले?"

"झोक्यावर नंबर हाय ना मायवाला," नत्थुजी टोपी सारखी करत म्हणाले.

"या वयात झोका खेळता?"

"खेळत नाही, पोरी. देतो. लोकायच्या लेकरायले."

मंजुषाने दुकान तसंच आईच्या गळ्यात घातलं आणि नाजियाला घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. नत्थुजींचं गाव हमरस्त्यापासून थोडं आत होतं. ग्रामपंचायतीच्या मागे कडुनिंबांच्या सावलीत मैदान, नदीची वाळू टाकलेली. घसरगुंडी निंबाखाली, म्हणून गार. दोन झोके, जाड साखळदंडांचे. प्यायच्या पाण्याचे रांजण, बायकांना बसायला ओटा आणि दिवे लावलेले, कारण तिथे खरी गर्दी व्हायची ती ऊन कलल्यावर. पण हे सगळं असतं अनेक ठिकाणी. तिथली खरी गोष्ट वेगळीच होती. झोक्यावर कोणाचेच आईबाप आपल्या लेकराला झोका देत नव्हते.

"पयले भल्ले भांडणं होत," नत्थुजींनी सांगितलं. "जे ते आपलंच लेकरू झोक्यावर बसवे, उतरवतच नसे. मंग बायायनं ठरवलं, आपल्या लेकराले आपण झोका द्यायचाच नाही. दुसऱ्यानं द्यायचा. द्याले मोठ्यायचाही नंबर, बसाले लायन्यायचाही नंबर. तवापासून कोणाले उतरवायची घाई नाही अन् चढवायचीही नाही."

मंजुषाला यात एकही खोट काढता आली नाही, हे नाजियाने पुढे कित्येक जणींना सांगितलं. मग रांग संपल्यावर मंजुषा स्वतः झोक्यावर बसली. शिट्टी वाजली नाही. नत्थुजींनी मागून असा जोर दिला, की तिच्या पायांनी निंबाच्या डहाळ्या गाठल्या. इतका आनंद तिला लग्नानंतर कशाचाच झाला नव्हता, आणि हे मनोजला सांगायचं नाही असं तिने वरच्या वर ठरवून टाकलं.

रविवारी ती सकाळीच मनोजला म्हणाली, "जागा भेटली. चला पाहाले."

मनोजने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मंजू, मी शुक्रवारीच साहेबाले हो म्हणून आलो."

मंजुषाच्या हातातला झारा तसाच राहिला. तिला राग आला, खरंतर राग आणि रडू दोन्ही आलं. महिनाभर ती उन्हातान्हात हिंडत होती आणि हा माणूस परस्पर गाव सोडून मोकळा झाला होता.

"मले न विचारता?"

"भीती वाटते गं मले," मनोज म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "उद्या गार्गी मोठी होईन अन् म्हणीन, बाबा, सगळे पोट्टे पुढं गेले, तुमी मले काय देलं? तवा मी काय सांगू तिले? तुह्या आईले भाजीचं दुकान सोडवत नव्हतं, असं सांगू?"

हे मंजुषाला लागलं. पण त्याची भीती खरी होती, हेही तिला दिसलं, म्हणून ती भांडली नाही. तिने गॅस बंद केला.

"साहेबाले तोंडीच सांगतलं ना? मंग तोंडानंच परत घेता येते. नसन घ्यायचं तं नका घेऊ. पण संध्याकाळी गाडी काढा. शब्द तुमीच देला होता, अन् नाजिया गवाह हाय."

संध्याकाळी ते तिघं मैदानावर पोचले तेव्हा मनोजने आल्या आल्या उणीदुणी काढली. कुंपण नाही, धूळ किती आहे, रबर कुठे आहे. मग तो ओट्याच्या टोकाला फोन काढून बसला. नत्थुजी त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"जावाईबापू, अठी बसून राह्यचं नसते. चला, नंबर लावा."

गावच्या म्हाताऱ्याने जावई म्हटल्यावर वऱ्हाडातला कुठलाही गडी फोन खिशात घालतो. मनोज उठला आणि एका झोक्यामागे उभा राहिला. पहिल्या दोन-तीन पोरांना त्याने ऑफिसात कागदावर शिक्के मारावेत तसे झोके दिले. "काका, जोरानं द्या ना," एक मुलगी वळून म्हणाली. त्याने जोर लावला. पुढच्याला आणखी लावला. बाह्या वर गेल्या, घाम आला, आणि मग तो कोणाचं नाव विचारायला लागला, कोणाला चिडवायला लागला. मंजुषाने त्याला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

गार्गी मात्र आईला चिकटूनच होती. मंजुषाने तिला दुसऱ्या झोक्याच्या रांगेत उभं केलं आणि स्वतः मागे सरली. नंबर आला. झोक्यामागे एक अनोळखी आजीबाई होत्या. गार्गीने वळून आईकडे बघितलं, ओठ काढले. मंजुषाचे पाय आपोआप पुढे निघाले होते, पण तिने स्वतःला आवरलं. नियम तो नियम. आजीबाईंनी काही घाई केली नाही. "बस वं माय," एवढंच म्हणाल्या आणि साखळी धरून उभ्या राहिल्या. गार्गी बसली. डोळे घट्ट मिटून बसली. आजीबाईंनी अगदी हळू, मग जरा जास्त, मग आणखी जास्त झोका दिला, आणि कितव्या तरी झोक्याला तिने डोळे उघडले. उतरली ती आईकडे आलीच नाही. धावत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आणि तिच्या पुढच्या मुलीने तिला काहीतरी विचारलं तर तिने उत्तरही दिलं.

दिवे लागले. मैदान भरून गेलं होतं. आजीबाईंचा नंबर संपला होता. त्या पाणी प्यायला जाताना मनोजजवळ थांबल्या आणि सहज विचारून गेल्या, "तुमचं लेकरू कोणतं, बापू?"

मनोजने ओट्याकडे बघितलं. मंजुषाजवळ कोणी नव्हतं. त्याने घसरगुंडीकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, दुसऱ्या झोक्याच्या रांगेकडे बघितलं. धुळीने माखलेली, ओरडणारी, एकमेकांना ढकलणारी पंचवीस-तीस पोरं होती आणि त्यात त्याला आपली पोरगी ओळखू येईना. एरवी कुठल्याही गर्दीत आईच्या ओढणीमागे बघितलं की सापडायची, ती सापडेना. शेवटी ती घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर दिसली. दोन पोरींच्या मध्ये, केस सुटलेले, कोणालातरी "सरक ना" म्हणून दटावत होती.

मनोज झोका तसाच सोडून मंजुषाकडे आला. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"मंजू, उद्या सकाळीच साहेबाकडे जातो," तो म्हणाला. "बढतीतून मायं नाव काढा म्हणतो."

मंजुषाने या क्षणासाठी महिनाभर बरंच काही जुळवून ठेवलं होतं. टोमणे होते, दोन-चार ठेवणीतली वाक्यं होती. पण हा माणूस काय सोडतोय ते तिला ठाऊक होतं आणि तिला त्याची अशी माया आली, की ते सगळं तिने पुन्हा ठेवणीत टाकलं. तिने ओढणीने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि त्याला झोक्याकडे वळवलं.

"ते उद्या," ती म्हणाली. "आता जा. लेकरू झोक्यावर बसून राहिलं, कोणी द्याले नाही त्याले."